आधीचा पेला

त्या घरात आल्या आल्या कुणाला ताट मिळत नसे. खालच्या मजल्यावर हॉटेल, वरती राहतं घर, आणि दोन्हीकडे रीत एकच: आधी पेला, मग ताट. बाहेरच्या पाटीवर 'ॲपेरिटिफ' असा ऐटबाज शब्द होता खरा, पण ती पाटी रंगवणाऱ्याची हौस. घरात त्याला सगळे 'आधीचा पेला'च म्हणत. जेवणाआधी भूक जागी करायला दिलेली घोटभर वाइन, एवढाच त्याचा अर्थ.

दारातून आत शिरलं की उजव्या हाताला छातीएवढं उंच, अरुंद टेबल लागे. त्यामागे आत्या उभी असे. आत्या म्हणजे आचाऱ्याची थोरली बहीण. आचारी हाच मालक. त्याची बायको वाढायची आणि ऑर्डरी आत पोचवायची. येणाऱ्याच्या हातात पहिला पेला द्यायचा मान मात्र आत्याचा. आचाऱ्याची एकुलती एक मुलगी या तिघांच्या पायांत घुटमळत मोठी झाली. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. घरात ती मुंगी, कारण रांगत होती तेव्हापासून टेबलांखालचे पावाचे कण वेचून तोंडात टाकायची.

मुंगीच्या आठवणीतली आत्या गिऱ्हाइकाला "काय घेणार?" असं कधीच विचारत नसे. ती हवापाण्याचं काहीतरी बोले आणि तेवढ्यात माणसाला नखशिखांत बघून घेई. उन्हातून चालत आलेल्याला गवताच्या काडीच्या रंगाची, थंडगार, कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन. दुपारचं जेवण अजून अंगावर असलेल्याला वनस्पतींची मुळं-साली भिजवलेली कडू व्हर्मूथ, वर संत्र्याच्या सालीचा एक तुकडा. वाढदिवसाला नटूनथटून आलेल्यांना फेसाळ. पण एखादं जोडपं भांडून आलेलं दिसलं, तर फेसाळ बाटलीला ती हातही लावत नसे.

"आधीच उतू चाललंय," ती वहिनीच्या कानात कुजबुजे, "त्यात आणखी फेस कशाला?"

तिचे नियम पक्के होते. पेला अर्धाच भरायचा. गोड काही द्यायचं नाही. "गोड पोटात गेलं की भूक म्हणते, चला, आपलं काम झालं, आणि पांघरूण घेऊन झोपते." दुसरा पेला मागितला तरी द्यायचा नाही, मग मागणारा शहराचा महापौर का असेना. आणि सूप टेबलावर यायच्या आत रिकामा पेला उचलायचा.

"आधीचा पेला लक्षात राहिला तर तो फसला," आत्या म्हणे. "लोकांच्या लक्षात जेवण राहायला हवं. मी दार उघडणारी बाई. घरात शिरल्यावर दाराकडे कोण बघतं?"

हॉटेल बंद व्हायच्या वेळी बाटल्यांच्या तळाशी जे उरे, ते ती एका निळ्या तामचिनी जगमध्ये ओतून झाकून ठेवी. त्या घरात काही टाकून देण्याची पद्धत नव्हती.

हे सगळं आता भूतकाळात बोलायचं, कारण हॉटेल बंद होतं. मागच्या हिवाळ्यात मुंगीची आई गेली. दारावर 'थोडे दिवस बंद' अशी पाटी लागली, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवल्या, आणि ते थोडे दिवस काही संपले नाहीत. आत्या वरच्या मागच्या खोलीत राहायची, बाबा पुढच्या. खालच्या स्वयंपाकघरात कुणी फिरकत नव्हतं. चहा-सूप वरच्या छोट्या गॅसवर व्हायचं.

आणि बाबांची भूक गेली होती. उपास नाही, हट्ट नाही, रडणं नाही. दोन चमचे खायचे आणि ताट हळूच पुढे सारायचे, एखाद्या परक्या घरी गेलेला भिडस्त पाहुणा सारतो तसं. डॉक्टरांनी रक्तापासून आतड्यापर्यंत सगळं तपासलं. शेवटी ते म्हणाले, "यंत्रात बिघाड नाही. चालवणाऱ्याचं मन नाही."

मुंगी दूरच्या शहरात पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. रजा काढून ती घरी आली, बाबांनी दार उघडलं, आणि तिची नजर त्यांच्या मनगटावर गेली. घड्याळाचा पट्टा सैल होऊन घड्याळ आतल्या बाजूला फिरलं होतं. कंबरपट्ट्याला त्यांनी सुरीच्या टोकाने नवी भोकं पाडली होती, तीही नीटनेटकी, एका ओळीत.

त्याच दिवशी तिने ठरवलं. "मी रविवारी निघतेय. बाबांना घेऊन जाते."

आत्या पेले पुसत होती. हॉटेल बंद असलं तरी पेले ती रोज पुसायची. "घेऊन जाते म्हणजे? ती काय बॅग आहे?"

"आत्या, वाळून कोळ झालेत ते. तिथे माझ्या डोळ्यांसमोर राहतील."

"तू दिवसभर लॅबमध्ये. तो तुझ्या खिडकीतून बसगाड्या मोजत बसेल."

"मोजू दे. पण संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवतील."

"समोर बसवून जेवणारा माणूस आहे का तो?" आत्या सहज बोलून गेली आणि पेला उजेडात धरून बघू लागली. त्या वाक्याकडे दोघींपैकी कुणीच लक्ष दिलं नाही. मग आत्याने पेला खाली ठेवला. "मुंगे, इथून हलवलंस ना त्याला, तर तो परत येणार नाही. आणि एकदा कुलूप लागलं की हे घर संपलं. रविवारपर्यंत मला दे. अख्ख्या वस्तीची भूक मी उघडली, सख्ख्या भावाची उघडता येणार नाही होय?"

मुंगीने आत्याकडे बघितलं. आत्याच्या हनुवटीवर तो जुना ताठा होता, पण पुसून झालेला पेला ती पुन्हा पुसू लागली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "रविवारपर्यंत ते मनापासून जेवले, तर राहतील. नाही जेवले, तर माझ्याबरोबर येतील."

"पूर्ण ताट?"

"अर्धं चालेल. पण मनापासून."

आत्या कामाला लागली आणि मुंगीही. मुंगीचा स्वभाव असा, की कामाला पद्धत असल्याशिवाय तिचा हात चालत नसे. प्रयोगशाळेत ती जे शिकली होती ते तिने आत्याला समजावलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. मग फरक पडला तर तो कशामुळे पडला ते कळतं. इथे बदलायची ती वाइन. म्हणून खिडकीजवळचं सर्वांत चांगलं टेबल तिने पक्कं केलं. तीच खुर्ची, तोच पांढरा टेबलक्लॉथ, तीच वेळ, सूर्य समोरच्या छपरामागे जायच्या सुमाराची. जेवणही रोज तेच: भाज्यांचं सूप, भाजलेली कोंबडी, बटाटे, पाव. स्वयंपाक मुंगी वरच्या गॅसवर करणार होती. आत्याला पेला भरता येई, पण भांडं चुलीवर चढलं की तिचं ज्ञान संपे.

पहिल्या संध्याकाळी आत्याने फिकी, कोरडी वाइन निवडली. तिला बदामाच्या सालीचा आणि नुकत्याच चुना दिलेल्या ओल्या भिंतीचा वास होता. शेजारी खारे बदाम. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि सांगितलेल्या खुर्चीत बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. आधी टेबलावर ठेवले, मग मांडीवर घेतले. दवाखान्यात आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत बसलेला माणूस दिसावा, तसे ते दिसत होते.

त्यांनी एक घोट घेतला. "छान आहे, ताई."

"भूक लागतेय का रे?"

"लागेल की."

सूपाचे दोन चमचे गेले. मग ताट पुढे सरकलं आणि बाबा स्वतःच ते उचलायला उभे राहिले.

"बस खाली!" आत्या ओरडली. "जरा पाहुण्यासारखा बस की!"

बाबा निमूट बसले. पाहुण्यासारखेच.

दुसऱ्या दिवशी व्हर्मूथ. या वेळी मुंगीने आपलं ज्ञानही सोबत वाढलं. कडू चव म्हणजे विष असू शकतं, हे जिभेला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून कडू लागलं की तोंडाला पाणी सुटतं आणि पोट कामाला लागतं, असं ती म्हणाली.

"म्हणजे पोटाला घाबरवून भूक आणायची?" आत्याने विचारलं.

"साधारण तसंच."

"मग त्याला तुझ्या काकूचा फोटो दाखवू का? वाइन वाचेल."

बाबा हसले. त्या आठवड्यातलं ते पहिलंच हसू. पण व्हर्मूथचा घोट घेऊन ते म्हणाले, "लहानपणी ताप आला की आपली आई असलंच काहीतरी पाजायची. आठवतं, ताई?" आणि त्या दिवशी सूप कालच्यापेक्षाही कमी गेलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मुंगी म्हणाली, की तोंडाला खरंच किती पाणी सुटतं ते मोजता येतं, जिभेखाली कापसाचा बोळा ठेवायचा आणि आधी-नंतर त्याचं वजन करायचं.

"माझ्या भावाच्या तोंडात कापूस भरणार तू?" अंधारातून आत्याचा आवाज आला. "तो काय बाहुली आहे? झोप मुकाट्याने."

फेसाळ वाइनची पाळी आली त्या संध्याकाळी भलतंच झालं. बूच उडाल्याचा आवाज गल्लीपलीकडे ऐकू गेला आणि समोरचा घड्याळजी धावत आला. हॉटेल चालू असताना तो रोजचं गिऱ्हाईक. दाराच्या काचेवर दोन्ही हातांचा आडोसा करून आत डोकावत त्याने विचारलं, "उघडलं की काय?"

"उघडली फक्त बाटली," आत्या म्हणाली. पण दारात आलेल्याला पेला न देता पाठवणं तिच्या हातून होणार नव्हतं. घड्याळजीने अर्धा पेला घेतला, डोळे मिटले, ओठ पुसले, आणि मग त्याला अशी कडकडून भूक लागली की बाबांनी पुढे सारलेली कोंबडी, बटाटे आणि उरलेला सगळा पाव त्याने बसल्या बैठकीला संपवला. बाबा त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. "घ्या, अजून घ्या," असा आग्रहही करत होते.

"पेला लागू पडला," तो गेल्यावर मुंगी ताटं उचलत म्हणाली. "फक्त चुकीच्या माणसाला."

आत्या बराच वेळ त्या अरुंद टेबलावर कोपर टेकून उभी होती. आता मुंगीच्या लक्षात आलं की आत्या थकली आहे. तिला बाटल्यांचा कंटाळा आला नव्हता. तिला भीती वाटत होती. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर हात बसला, ती गोष्ट हव्या त्या वेळी उपयोगाला येत नाही, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. मुंगीने फडकं घेतलं आणि आत्याच्या शेजारी उभी राहून पेले पुसू लागली.

शनिवारी आत्याने कपाटाच्या मागून ठेवणीतली बाटली काढली. गडद तपकिरी, जुनी, अक्रोडाच्या वासाची, पण जिभेवर एकदम कोरडी. मुंगीच्या आईबाबांच्या लग्नाच्या दिवशी एक उघडली होती आणि तिची जोडीदार तेव्हापासून राखून ठेवलेली. बूच निघालं तसा तो वास सबंध खोलीत पसरला. उलट्या खुर्च्यांचे पाय, भिंतीवरचा फिका चौकोन, जिथे पूर्वी आजच्या जेवणाचा फळा असायचा, सगळंच क्षणभर उबदार दिसायला लागलं. मुंगीला वाटलं, हीच. आता जमलं.

बाबांनी पेला नाकाशी नेला आणि तिथेच थांबले. प्यायले नाहीत. पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"तिला आवडायची ही," ते म्हणाले. "म्हणायची, कपाटात कोंडून काय ठेवलीय, एकदा उघडा की."

मग त्यांनी एक घोट घेतला, पेला जपून खाली ठेवला, आणि त्या संध्याकाळी एक चमचासुद्धा तोंडात घातला नाही.

"उद्याची गाडी किती वाजता आहे, मुंगी?" उठताना त्यांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं. "सामान भरून घेतो."

ते जिना चढून गेले. आत्या खुर्चीत बसली. हॉटेलातल्या खुर्चीत बसलेली आत्या मुंगीने याआधी कधी पाहिली नव्हती.

"सगळ्यात चांगली वाइन," आत्या स्वतःशीच म्हणाली, "आणि सगळ्यात वाईट लागू झाली."

"उद्या निघायचंय. आवरून तरी ठेवू," मुंगी म्हणाली. बाहेर अजून उजेड होता. तिने आठवडाभरात उघडलेल्या बाटल्या गोळा केल्या. कोरडीचा तळ, व्हर्मूथ निम्मी, फेस गेलेली फेसाळ, आणि आजची तपकिरी. दिवाणखान्याएवढ्या त्या जेवणाच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला मिळून एक भिंत होती, आणि भिंतीत कोपराच्या उंचीवर सरकत्या झडपेची एक खिडकी, खाली ताटं ठेवायला रुंद फळी. ताटं तिथूनच बाहेर यायची. शेजारच्या दाराने मुंगी बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. आतली हवा थंड होती आणि तिला जुन्या लोखंडी तव्यांचा वास होता. खिळ्याला निळा तामचिनी जग लटकत होता. तिने तो धुतला, सगळे तळ त्यात ओतले आणि मोरीकडे वळली.

"मोरीत ओतू नकोस हं!" आत्या बाहेरून ओरडली. "व्हिनेगरच्या बरणीत घालू. ठेव तिथेच."

मुंगीने जग खिडकीच्या फळीवर ठेवला आणि ती बाहेर आली. दोघींनी टेबलक्लॉथची दोन-दोन टोकं धरली. घडी अर्धी झाली होती, तेवढ्यात मागच्या जिन्यावर पावलं वाजली. बाबा स्वयंपाकघरात आले होते. खण ओढल्याचा आवाज आला, मग धातूची किणकिण. सुऱ्या निवडत असावेत. कुठली बरोबर न्यायची, कुठली ठेवायची. मग किणकिण थांबली. मांडणीवरून काहीतरी काढल्याचा, मग ओतल्याचा आवाज.

"ताई!"

टेबलक्लॉथ दोघींच्या हातात तसाच ताणलेला राहिला.

"हे काय पाठवलंयस? कडू पुढे, आंबट मागे, आणि मध्ये कुणीच नाही. काल लाल काही उघडलं नाहीस का?"

वर्षभरात बाबांनी कशालाही नाव ठेवलं नव्हतं. सगळं 'छान' होतं. आत्याचं तोंड उघडंच राहिलं. पण उत्तर तिच्या घशातून आपसूक बाहेर आलं, त्याच जुन्या चढ्या सुरात: "उरलं ते पाठवलं! हवं तर पी, नाहीतर ठेव!"

"पितोय की. नुसतं सांगतोय."

आणि मुंगीला आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, लहानपणी रोज बघितलेलं चित्र पुन्हा दिसलं. हॉटेल उघडायच्या आधी आत्या तो निळा जग खिडकीतून आत सरकवायची. कालच्या सगळ्या पाहुण्यांच्या बाटल्यांचे तळ, एकत्र, दररोज वेगळ्या चवीचे. बाबा मांडणीवरचा जाड काचेचा, कडेला टवका उडालेला ग्लास घ्यायचे, उभ्याउभ्या घोटभर प्यायचे आणि तक्रार करायचे. आत्याच्या लेखी ते देणं नव्हतंच, नासाडी टाळणं होतं. हा सुद्धा आधीचा पेला आहे, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. पण भूक त्याच पेल्याने उघडायची. आचाऱ्याची.

आठवडाभर त्या दोघींनी वाइन बदलली होती. खुर्ची मात्र बदलली नव्हती. मुंगीने स्वतःच ती पक्की केली होती, अभिमानाने, आणि जे पक्कं केलं तेच चुकलं होतं. बाबा त्या खोलीत जन्मात कधी जेवले नव्हते. त्यांना पाहुणा बनवून त्यांच्यासमोर ताट ठेवलं, आणि ते पाहुण्यासारखं भिडेने जेवले.

भिंतीपलीकडे आता शांतता होती. बाबा ग्लास घेऊन उभे होते, पुढच्या कशाची तरी वाट बघत, आणि ते काय हे मुंगीला ठाऊक होतं. या शांततेत पूर्वी आईचा आवाज यायचा. फळीवर बोटातल्या अंगठीने दोन टकटक, आणि दिवसाची पहिली ऑर्डर.

तिने टेबलक्लॉथची टोकं सोडली. खिडकीपाशी जाऊन झडप सरकवली. बोटात अंगठी नव्हती, म्हणून तिने टेबलावरचा चमचा उचलला आणि फळीवर दोनदा वाजवला.

"एक ऑम्लेट," ती म्हणाली. मग ऑर्डर द्यायच्या सुरात तिने पुन्हा म्हटलं. "एक ऑम्लेट. कांदा बारीक. पाव भाजून."

बाबांनी मान वर केली. खिडकीच्या चौकटीत त्यांना मुलीचा चेहरा दिसला, आणि ते नेमकं काय बघत होते ते सांगणं कठीण.

"गॅस बंद आहे," अखेर ते म्हणाले.

"मग चालू करा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"अंडी कुठायत?"

"वर आहेत. आणते!" मुंगी एका दमात जिना चढून गेली आणि अंडी, कांदे, लोणी कवेत घेऊन खाली आली. आली तेव्हा ज्योत पेटली होती. बाबांनी शर्टाच्या बाह्या वर दुमडल्या होत्या. वर्षभर न वापरलेला तवा त्यांनी मीठ टाकून घासला, पुसला, तापवला. कांदा चिरताना त्यांची सुरी आधी अडखळली, मग हळूहळू तिला लय सापडली. लोणी चुरचुरलं. कांदा पडला. त्याचा गोडसर, खमंग वास खिडकीतून बाहेर आला आणि मुंगीच्या तोंडाला खरोखरच पाणी सुटलं. तिने दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

बाबांनी चमच्याच्या टोकावर कांदा घेऊन मीठ बघितलं. कपाळाला आठी पडली. चिमूटभर आणखी टाकलं, पुन्हा बघितलं. मग आणखी एकदा बघितलं, आणि या वेळी मीठ बघण्यासाठी नव्हे.

आत्या मुंगीच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने मुंगीचा दंड घट्ट धरला. "काही बोलू नकोस," ती पुटपुटली, जणू खिडकीत चिमणी येऊन बसली आहे.

ऑम्लेट आलं. कडा सोनेरी, मधे जरा ओलसर, शेजारी भाजलेला पाव. मुंगीने ताट उचललं नाही. तिने ते फळीच्या बरोबर मधोमध ठेवलं, अर्धं बाहेर, अर्धं आत. गर्दी ओसरली की आई तसंच ठेवायची. ती या बाजूला उभी, बाबा त्या बाजूला उभे, मधे एक ताट. त्यांचं रोजचं जेवण ते. बसून नाही, टेबलावर नाही.

मुंगीने आपल्या बाजूचा तुकडा मोडला आणि खायला लागली. मुद्दाम बाबांकडे बघितलं नाही. पाव मोडल्याचा आवाज आला. पलीकडून एक हात ताटात आला, मग पुन्हा आला, आणि मग लोणी निपटून घेण्यासाठी पावाचा कोपरा ताटावरून गोल फिरला.

"कांदा अजून बारीक हवा होता," बाबा तोंडात घास असतानाच म्हणाले. "सुरीला धार नाही." मग ते थोडे थांबले. "तुला पुरलं का? अजून दोन फोडू?"

"फोडा," मुंगी म्हणाली. तिने रिकामं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

आत्याने खिडकीतून हात आत घातला आणि तो टवका उडालेला ग्लास उचलून घेतला. अजून तळाशी घोटभर होती.

"ए, अगं ताई, संपली नाहीये!"

"ताट आलं की पेला जातो," आत्या म्हणाली. डोळे पुसायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून तिने टेबलक्लॉथचं टोक घेतलं. "आणि दुसरा मिळणार नाही."

रविवारी सकाळी मुंगी एकटीच निघाली. बाबांनी दोन बटाटे, अंडी आणि पाव असा डबा बांधून दिला होता आणि ते पुन्हा सुरीला धार लावायला आत गेले होते. आत्या दारात उभी होती, पण तिचा चेहरा निरोप देणाऱ्या माणसाचा नव्हता. तो विचारात पडलेल्या माणसाचा होता.

"जग रिकामा झाला ना," ती म्हणाली. "आता आज संध्याकाळी त्याला काय पाठवू? ठेवणीतली बाटली उघडून त्याच्या हातात दिली तर पुन्हा म्हणेल, छान आहे. त्याला उरलेलंच हवं."

"मग उरव."

"उरायला आधी कुणीतरी प्यायला हवं, शहाणे."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आत्याने गल्लीपलीकडे बघितलं. घड्याळजी दुकानाचं शटर वर ढकलत होता.

"अहो!" आत्याने हाक मारली. "आज संध्याकाळी या! पेल्याला!"

"कोंबडी आहे?"

"पेला आहे. कोंबडीचं आत विचारते. आणि एकटे येऊ नका, एकट्याने भागणार नाही. टपालवालीला आणा, तिचा नवरा आणा. चार बाटल्या तरी उघडल्या पाहिजेत मला."

"कसला समारंभ?"

"समारंभ नाही. आम्हाला थोडं उरवायचंय."

घड्याळजीला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. मुंगीने बॅग खांद्याला लावली. आत जेवणाच्या खोलीत एक खुर्ची टेबलावरून खाली उतरल्याचा आवाज झाला, मग दुसरी. आणि खिडकीची झडप खर्रकन सरकली.

"ताई!" आतून बाबा ओरडले. "आणि आज काहीतरी लाल उघड!"